दूराकाश छायाचित्रणातील तारकाविकृती आणि कॅमेऱ्याचा तिरपेपणा : निदानाची पद्धती

गोषवारा : दीर्घ प्रकाशनकाळाच्या खगोलीय छायाचित्रांत कडेचे तारे लांबट, पुच्छयुक्त किंवा धूसर दिसणे हा दुर्बीण वापरणाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. या दोषाची कारणे अनेक असून त्यांची बाह्य लक्षणे परस्परांशी मिळतीजुळती असतात. प्रस्तुत लेखात या कारणांचे वेगळेपण स्पष्ट करून, कॅमेऱ्याचा तिरपेपणा ओळखण्यासाठी व मोजण्यासाठी फोकस-मालिका आणि कॅमेरा-परिवलन या दोन कसोट्यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : दूराकाश छायाचित्रण, संवेदक, तिरपेपणा, प्रतिमापृष्ठाची वक्रता, कोमा, फोकस-मालिका.

प्रस्तावना

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेला अकोले तालुका सह्याद्रीच्या ऐन माथ्याला भिडलेला आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड, भंडारदऱ्याचा जलाशय, घाटघर आणि साम्रद हा सारा परिसर मोठ्या शहरांच्या दिव्यांपासून दूर असल्याने आकाशनिरीक्षकांना प्रिय आहे. याच रांगेच्या दक्षिणेस, पुणे जिल्ह्यातील घोडेगावजवळ गिरवली येथे आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून उभी आहे. संगणकनियंत्रित बैठका आणि शीतन केलेले डिजिटल कॅमेरे हौशी निरीक्षकांच्या व महाविद्यालयांच्याही आवाक्यात आल्यानंतर तेजोमेघ, तारकागुच्छ व दीर्घिका यांची छायाचित्रे घेण्याचे काम आता मोठ्या वेधशाळांपुरते मर्यादित राहिलेले नाही.

तथापि अशा कामासाठी मिळणाऱ्या रात्री मोजक्याच असतात. जून ते सप्टेंबर हे महिने पावसाचे. उरलेल्या काळातील शुक्लपक्षाचा बराच भाग चांदण्यामुळे निरुपयोगी ठरतो. काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याकडे येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांचा त्रास आणखी वेगळा. एवढे करून पदरी पडलेल्या रात्री चार-पाच तासांचे प्रकाशन घ्यावे आणि संगणकावर पाहता चौकटीच्या एका कोपऱ्यातील सर्व तारे अंड्याच्या आकाराचे निघावेत, यात केवळ सौंदर्याची हानी नसते. रूपविकारी ताऱ्याची तेजस्विता मोजताना तुलनेचा तारा अशा बिघडलेल्या कोपऱ्यात असेल, तर त्याचा प्रकाश ठरावीक वर्तुळाबाहेर सांडतो, तो तारा मंद मोजला जातो आणि परिणामी रूपविकारी तारा आहे त्यापेक्षा तेजस्वी ठरतो. सपाट-क्षेत्र संस्काराने ही चूक दूर होत नाही, कारण तो संस्कार संवेदकाची असमान ग्रहणक्षमता भरून काढतो, प्रतिमेचा आकार नव्हे.

असा दोष दिसताच हाती येईल तो स्क्रू फिरवण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. ती घातक आहे. आरसा, फोकसर आणि कॅमेरा या तिन्ही ठिकाणी एकाच रात्री बदल केल्यास मूळ दोष कोणता होता हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

विकृतीची कारणे व लक्षणे

तारा हा दुर्बिणीच्या दृष्टीने बिंदूच होय. त्याची प्रतिमा लहानशा वर्तुळाकार ठिपक्यासारखी पडते आणि तिचा आकार प्रकाशाचे विवर्तन, वातावरणाची चंचलता व दुर्बिणीची गती यांवर ठरतो. या ठिपक्याच्या अर्ध्या तेजापाशी मोजलेल्या रुंदीला अर्धोच्च रुंदी म्हणतात. लांबटपणा सांगण्यासाठी विकेंद्रता वापरली जाते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ठिपक्याचा लघु अक्ष दीर्घ अक्षाहून केवळ दहा टक्क्यांनी कमी असला तरी विकेंद्रता ०.४४ येते. हा आकडा वाचून घाबरण्याचे कारण नसते, कारण एवढा लांबटपणा डोळ्यांना क्वचितच जाणवतो.

संपूर्ण चौकटीतील तारे एकाच दिशेने व सारख्याच प्रमाणात लांबट असतील, तर दोष प्रकाशिकीचा नसून गतीचा असण्याचा संभव अधिक. बैठकीतील दात्यांची आवर्ती चूक पूर्व-पश्चिम दिशेने दिसते. वारा कोणत्याही दिशेने हलवतो. दोन ते पाच सेकंदांचे लघु प्रकाशन घेतल्यावर तारे गोल झाले की गतिदोषाची खात्री पटते.

क्षेत्रपरिवलन हा गतिदोषाचाच दुसरा प्रकार होय. बैठकीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नेमका रोखलेला नसेल, तर मार्गदर्शक ताऱ्याभोवती सारे क्षेत्र हळूहळू फिरते आणि त्या ताऱ्यापासून दूरचे तारे लहान कंसांसारखे उमटतात. हा जिल्हा सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर, म्हणजे धुरकट थरात आणि पुष्कळदा डोंगराआड असतो. त्यातच तो प्रत्यक्ष ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. त्यामुळे या अक्षांशावर ध्रुवसंधानातील चूक युरोपातील निरीक्षकापेक्षा सहज घडते. गिरवलीसारख्या उन्नतांश-दिगंश बैठकीवरील दुर्बिणीत तर क्षेत्रपरिवलन अटळच असते आणि ते भरून काढण्यासाठी उपकरण फिरवत ठेवावे लागते.

प्रकाशिकीच्या दोषांत न्यूटनीय दुर्बिणीचा कोमा सर्वांत ठळक. अन्वस्ताकार आरशाची प्रतिमा अक्षावर निर्दोष असते, पण अक्षापासून दूर जाताच ताऱ्याला बाहेरच्या दिशेने पुच्छ फुटते. उदाहरणादाखल २०० मिलिमीटर व्यासाची व १,००० मिलिमीटर नाभीय अंतराची, म्हणजे एफ/५ दुर्बीण घेऊ. तिच्या प्रतिमेत अक्षापासून १४ मिलिमीटरवर हे पुच्छ सुमारे २२ विकला लांब असते. त्या मानाने वातावरणामुळे होणारा पसारा दोन-चार विकलांचाच. म्हणून अशा दुर्बिणीला कोमा-दुरुस्तक भिंग अपरिहार्य ठरते. हे भिंग आणि संवेदक यांतील अंतर (बहुतेक भिंगांसाठी ५५ मिलिमीटर) चुकले की चारही कोपरे सारखेच बिघडतात. मार्गात दोन मिलिमीटर जाडीचा काचेचा फिल्टर असल्यास फोकस सुमारे ०.७ मिलिमीटर मागे सरकतो, ही बाब अंतर ठरवताना अनेकदा विसरली जाते.

कोमाचे पुच्छ चौकटीच्या मध्यभागीही दिसत असेल, तर आरसे एकाक्ष नाहीत असे समजावे. याला कॉलिमेशनचा दोष म्हणतात. लांबट तारा फोकसच्या एका बाजूला उभा आणि दुसऱ्या बाजूला आडवा होत असेल, तर ती अबिंदुकता होय. आरसा पकडणाऱ्या तीन चिमट्यांचा दाब अधिक झाल्यास तारे त्रिकोणी दिसतात.

तिरपेपणा : एका कागदाची जाडी

संवेदकाचे प्रतल प्रकाशाक्षाला काटकोनात नसणे म्हणजे तिरपेपणा. तो किती सूक्ष्म असला तरी पुरतो, हे आकड्यांतूनच नीट कळते. वरील एफ/५ दुर्बिणीला २३.५ × १५.७ मिलिमीटर आकाराचा व ३.७६ मायक्रॉन चित्रबिंदूंचा संवेदक जोडला आहे असे मानू. त्याचा कर्ण २८.३ मिलिमीटर भरतो. या कर्णाचे एक टोक दुसऱ्यापेक्षा ०.१ मिलिमीटर पुढे असेल, म्हणजे साध्या झेरॉक्स कागदाच्या जाडीएवढा फरक असेल, तर तिरपेपणा केवळ ०.२ अंश असतो. मध्यभाग नेमका फोकसमध्ये धरल्यास दोन्ही टोके प्रत्येकी ५० मायक्रॉनने चुकतात. फोकसमधील चूक भागिले नाभीय गुणोत्तर हा धूसर वर्तुळाचा व्यास, म्हणून तो १० मायक्रॉन, अर्थात सुमारे पावणेतीन चित्रबिंदू किंवा दोन विकला येतो. चांगल्या रात्री वातावरण जेवढे बिघडवते, तेवढेच हा कागद बिघडवतो. एफ/१० दुर्बिणीत हाच परिणाम निम्मा होतो आणि एफ/२ भिंगात अडीचपट.

नाभीय गुणोत्तराचे हे महत्त्व समजण्यासाठी शतकापूर्वीचे एक उदाहरण उद्बोधक आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी जेऊर येथे तळ दिला होता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे कावसजी नायगमवाला यांचेही पथक तेथे होते. हे जेऊर म्हणजे नगर तालुक्यातील त्याच नावाचे गाव नव्हे, तर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडील, सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील रेल्वे स्थानकाचे गाव. लिकच्या पथकाच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग पाच इंच व्यासाचे आणि नाभीय अंतर ४० फूट, म्हणजे गुणोत्तर एफ/९६ होते. भिंग स्थिर ठेवून सूर्याच्या गतीनुसार छायाचित्रणाची काच सरकवण्याची त्यात योजना होती. विवर्तनाच्या एका प्रचलित सूत्रानुसार (४.८८ × तरंगलांबी × गुणोत्तराचा वर्ग) हिरव्या प्रकाशात फोकसची सह्य खोली एफ/५ ला सुमारे ६७ मायक्रॉन, तर एफ/९६ ला जवळजवळ २५ मिलिमीटर येते. काच काही मिलिमीटर तिरपी बसली असती तरी चित्रात ते दिसले नसते. आजच्या आखूड व वेगवान दुर्बिणींनी प्रकाशनाचा काळ घटवला, त्याची किंमत यांत्रिक अचूकतेच्या रूपाने द्यावी लागते.

एका छायाचित्राची मर्यादा

एक कोपरा बिघडलेला दिसला की तिरपेपणा आणि चारही बिघडले की वक्रता, असा नियम सर्रास सांगितला जातो. तो अर्धाच खरा आहे. मध्यभाग फोकसमध्ये असताना शुद्ध तिरपेपणामुळे समोरासमोरचे दोन कोपरे सारखेच धूसर होतात. एक फोकसच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे असतो इतकेच, आणि हा फरक स्थिर चित्रात दिसत नाही. प्रत्यक्षात दुर्बिणीचे प्रतिमापृष्ठ थोडे वक्रही असते. वक्रता आणि तिरपेपणा एका कोपऱ्यात एकमेकांना छेद देतात व समोरच्या कोपऱ्यात त्यांची बेरीज होते. ‘एकच कोपरा वाईट’ हे दृश्य बहुधा या बेरजेतून निर्माण होते.

अनेक चित्रे एकत्र करून तयार केलेल्या अंतिम प्रतिमेवरून निदान करणे तर अधिकच फसवे. जर्मन पद्धतीच्या बैठकीवरील दुर्बीण याम्योत्तर ओलांडताना उलटवावी लागते आणि त्यानंतरची चित्रे १८० अंशांनी फिरलेली असतात. ती जुळवून बेरीज केली की संवेदकाचा एक वाईट कोपरा आकाशाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत वाटला जातो आणि मूळ खूण पुसली जाते. यास्तव परीक्षण सुट्या, असंस्कारित चित्राचेच करावे.

फोकस-मालिका

या पद्धतीत एकाच तारकाक्षेत्राची चित्रे फोकसर क्रमाक्रमाने सरकवत घेतात. एफ/५ दुर्बिणीसाठी २० ते २५ मायक्रॉनच्या अंतराने नऊ ते अकरा स्थिती पुरेशा होतात. प्रत्येक स्थितीत दहा-पंधरा सेकंदांची तीन चित्रे घेऊन मध्यक घेतल्यास वातावरणाची क्षणिक चंचलता बरीच वजा होते. चौकटीचे तीन गुणिले तीन असे नऊ भाग पाडून प्रत्येक भागातील ताऱ्यांची अर्धोच्च रुंदी काढावी. हे काम सिरिल किंवा अॅस्टॅप या विनामूल्य संगणक प्रणालींनी होते. प्रत्येक भागासाठी रुंदी आणि फोकसस्थिती यांचा आलेख इंग्रजी व्ही अक्षरासारखा येतो. त्याचा तळ म्हणजे त्या भागाचा सर्वोत्तम फोकस.

समजा, मध्यभागाचा सर्वोत्तम फोकस शून्य धरला असता चार कोपऱ्यांचे आकडे क्रमाने वर-डावा +२०, वर-उजवा −४०, खाली-डावा −४० आणि खाली-उजवा −१०० मायक्रॉन असे आले. चारही कोपऱ्यांची सरासरी −४० येते, ती वक्रतेची. प्रत्येक आकड्यातून ही सरासरी वजा केली की +६०, ०, ०, −६० उरतात. हा झाला तिरपेपणा. तो एका कर्णावर १२० मायक्रॉन, म्हणजे सुमारे ०.२४ अंश असून दुसऱ्या कर्णावर मुळीच नाही. मध्यभागी फोकस केलेल्या चित्रात वर-डाव्या कोपऱ्यातील धूसरता २०/५ म्हणजे केवळ चार मायक्रॉन, जेमतेम एक चित्रबिंदू असेल. खाली-उजव्या कोपऱ्यात ती २० मायक्रॉन, पाच चित्रबिंदूंहून अधिक होईल. पाहणारा म्हणेल, तीन कोपरे ठीक आहेत, चौथ्याचेच काही चुकले. वस्तुतः संपूर्ण प्रतल झुकलेले आहे आणि ‘उत्तम’ दिसणारा कोपरा हा दोन चुकांच्या वजाबाकीचा लाभार्थी आहे.

या मालिकेत तापमानाकडे लक्ष असावे. अॅल्युमिनियमची एक मीटर लांबीची नळी एक अंश सेल्सिअस थंड होताच सुमारे २३ मायक्रॉनने आखडते, म्हणजे मालिकेतील एका पायरीएवढी चूक आपोआप शिरते. हिवाळ्यात संध्याकाळनंतर भंडारदऱ्याच्या परिसरात पारा झपाट्याने उतरतो. म्हणून दुर्बीण आधी बाहेरच्या हवेत निवू द्यावी आणि मालिका आत व बाहेर अशा दोन्ही दिशांनी घ्यावी.

कॅमेरा फिरवून पाहणे

तिरपेपणा मोजला गेला तरी तो कोठे आहे हा प्रश्न शिल्लक राहतो. संवेदक कॅमेऱ्यात तिरपा बसलेला असू शकतो, जोडकडी वाकडी असू शकते किंवा फोकसरच नळीवर तिरपा असू शकतो. यासाठी दुर्बिणीला व फोकसरला हात न लावता केवळ कॅमेरा १८० अंशांनी फिरवावा आणि मालिका पुन्हा घ्यावी. वाईट कोपरा चौकटीत पूर्वीच्याच जागी राहिला, तर दोष कॅमेऱ्यासोबत फिरला, म्हणजे तो कॅमेऱ्यात किंवा त्याच्यासह फिरलेल्या जोडकडीत आहे. तो चौकटीच्या समोरच्या कोपऱ्यात गेला, तर दोष दुर्बिणीच्या बाजूला स्थिर आहे, म्हणजे फोकसर किंवा आरसे तपासावेत. दोन्हीकडे थोडाथोडा दोष असेल तर दोन स्थितींतील आकड्यांच्या बेरीज-वजाबाकीतून त्यांचे वाटे वेगळे करता येतात.

या कसोटीतील कच्चा दुवा म्हणजे कॅमेरा पकडणारे आवळस्क्रू. दोन-तीन स्क्रूंनी नळी आवळल्यास ती प्रत्येक वेळी किंचित निराळ्या कोनात बसते. म्हणून फिरवण्यापूर्वी कॅमेरा त्याच स्थितीत तीनदा काढून पुन्हा बसवावा व दर वेळी तिरपेपणा मोजावा. या तीन मापांतच ५० मायक्रॉनचा फरक पडत असेल, तर पुढील परिवलनाला काही अर्थ नाही. तेथे आवळस्क्रू काढून आट्यांची जोडणी करणे हीच खरी दुरुस्ती ठरते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत पुनरावृत्तिक्षमता शिकवण्यासाठी याहून स्वस्त प्रयोग शोधणे कठीण आहे.

याम्योत्तरापाशी दुर्बीण उलटवणे म्हणजे ही कसोटी नव्हे, कारण तेव्हा कॅमेरा दुर्बिणीच्या सापेक्ष फिरलेला नसतो. त्या क्रियेने बदलते ती गुरुत्वाकर्षणाची दिशा. त्यामुळे पूर्वेकडे व पश्चिमेकडे पाहताना तिरपेपणाचे आकडे निरनिराळे येत असतील, तर जड कॅमेऱ्याच्या भाराने फोकसर वाकतो आहे असा निष्कर्ष निघतो. अशा लवचिक दोषावर तिरपेपणा घालवणाऱ्या स्क्रूंचा उपाय चालत नाही. एका बाजूला साधलेले दुसऱ्या बाजूला बिघडते.

दुरुस्ती

दोष कॅमेऱ्याच्या बाजूला व स्थिर असल्याचे सिद्ध झाल्यावरच समायोजन-चकतीला हात लावावा. वरील उदाहरणात कर्णावरील १२० मायक्रॉन म्हणजे २८.३ मिलिमीटरमागे तेवढा चढ. चकतीवरील समोरासमोरचे स्क्रू ६० मिलिमीटर अंतरावर असून त्याच कर्णाच्या रेषेत असतील, तर तेथे सुमारे ०.२५ मिलिमीटर फरक करावा लागेल. चार मिलिमीटरच्या प्रमाणित स्क्रूचा अंतराल ०.७ मिलिमीटर असतो, म्हणून एकतृतीयांश फेऱ्याहून थोडे अधिक फिरवणे पुरे. स्क्रू कोणत्या दिशेला फिरवावा याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा प्रथम अष्टमांश फेरा देऊन मालिका घ्यावी. आकडे वाढले तर दिशा उलटी. तिरपेपणा गेल्यानंतर उरलेली −४० मायक्रॉनची वक्रता दुरुस्तक भिंगाच्या अंतराने कमी होते का ते पाहावे. हा क्रम उलटा करू नये, कारण तिरप्या संवेदकावर अंतराचा परिणाम नीट वाचता येत नाही.

या साऱ्या परीक्षणासाठी घाटघर किंवा साम्रदची अंधारी रात्र खर्ची घालण्याची गरज नाही. दहा-पंधरा सेकंदांच्या प्रकाशनाला चांदणे बाधत नाही, आणि महाविद्यालयाची गच्चीही चालते. क्षेत्र मात्र डोक्यावरचे असावे, म्हणजे हवेचा थर कमी राहतो. कर्केतील पुष्याचा तारकागुच्छ (एम ४४) यासाठी सोयीचा आहे. त्याची क्रांती सुमारे +१९.७ अंश असल्याने तो या जिल्ह्यात जवळजवळ खस्वस्तिकातून जातो आणि दीडेक अंशाच्या विस्तारामुळे वरील चौकटीच्या कोपऱ्यांतही तारे पुरवतो. पौषी पौर्णिमेला चंद्र त्याच्याच शेजारी असतो, ती रात्र टाळावी. चैत्री पौर्णिमेला चंद्र चित्रेजवळ, म्हणजे ७० अंशांहून अधिक दूर असतो आणि रात्री आठच्या सुमारास पुष्य नुकताच याम्योत्तर ओलांडत असतो.